जामीन

आई वेळ काढायची
लोक कर्ज काढतात तसा.
पहाटे साडेचारला, ग्युमरीच्या थंडीत,
काचेवर आतल्या बाजूनं बर्फ धरलेला असताना
ती अंधारातच नाड्या बांधायची,
दिवा लावायची नाही, माझी झोप मोडेल म्हणून.
मी जागाच असायचो.
जामीन राहिलेल्याला झोप कुठली.

दिवसा ती मोज्यांच्या कारखान्यात.
शिफ्टला बाराशे जोड, सगळे परक्यांच्या पायांचे.
बाबा रशियात, बांधकामावर.
आधी पैसे आणि आवाज दोन्ही यायचे,
मग नुसता आवाज,
मग उरला नुसता रशिया.

व्यायामशाळा म्हणजे जुन्या छापखान्याचा वरचा मजला.
भिंतीत भूकंपाची भेग,
तिच्यावर गुर्गेनकाकांनी टांगलेलं कॅलेंडर,
साल कुठलं ते कुणी बघत नसे.
चकत्या तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या.
डावीकडची एक जरा हलकी,
तिची भरपाई म्हणून तारेनं बांधलेलं
दाराचं बिजागर.

‘शंभर,’ आई पहिल्या दिवशी म्हणाली.
शंभर का, ते तिनं सांगितलं नाही,
काकांनी विचारलं नाही.
वहीत लिहिलं : वार्सेनिक, वय एक्केचाळीस.
आणि शेगडीत एक लाकूड जास्त घातलं.

रविवारी अराक्सीबाईंकडे बायका जमत,
कॉफी संपली की कप उपडे घालून
गाळात एकमेकींचं भविष्य बघत.
आई जाईनाशी झाली.
चुलतबहिणीच्या लग्नातून नाच रंगायच्या आत उठली,
सकाळी पाय ओढायचे होते म्हणून नव्हे,
पाठ ओढायची होती म्हणून.
माणसं रुसली. काही अजून रुसलेली आहेत.
सूप मी गरम करायला शिकलो,
आधी करपवायला, मग गरम करायला.

आणि ते बूट.
लाकडी टाचेचे, कुणाचे तरी वापरलेले, येरेवानहून मागवलेले.
त्यांची किंमत नेमकी माझ्या सहलीएवढी निघाली.
सातवीची सहल, सेवान तळ्याची.
तिनं मला विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो
आणि जन्मभर तो मोठेपणा मिरवला असता.
तीही सोय तिनं ठेवली नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी म्हणाली, ‘तातूल, चल.’
मी गेलो, रागासकट.
पहिल्यांदा दांडा हललाच नाही.
दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आला, तिथं थांबला,
घरी येऊन दारातच थांबणाऱ्या पाहुण्यासारखा.
काका भेगेकडे बघत राहिले.
तिनं तळव्यांना पुन्हा खडू चोळला,
माझ्याकडे पाहिलं नाही.
मला वाटलं, पडू दे.
खरंच वाटलं. तेही इथं लिहून ठेवतो.

तिसऱ्यांदा तो उठला.
बिजागर किणकिणलं.
ती सरळ उभी राहिली, कुणाचंच काही देणं नसल्यासारखी,
एक श्वास, फार तर दीड,
आणि मग शंभर किलो तिनं
झोपलेलं मूल ठेवावं तसं खाली ठेवलं.
खालच्या मजल्यावर रात्रपाळीहून आलेली एक नर्स निजायची.
आपटायचं नाही, हा तिथला एकच नियम.

त्या रात्री तिला चमचा धरता येईना.
बोटं मिटतच नव्हती.
‘हस की,’ ती म्हणाली.
मी हसलो नाही. भाकरीचे तुकडे केले,
तिच्या वाटीत टाकले.
सोमवारी पुन्हा साडेचार.
एकशे पाच.

आता मी छत्तीसचा.
मित्रांना सांगतो, वेळ मिळत नाही,
आणि बोलता बोलता जीभ अडखळते.

मागच्या उन्हाळ्यात सेवानला गेलो, एकटाच.
तळं होतं. निळं होतं.
पाणी बघायला मला दहा मिनिटं पुरली.
मग काठावरचा एक धोंडा दिसला,
गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली,
कुणी न शिकवता.
मांडीपर्यंत आला.
आजूबाजूला कुणीच झोपलेलं नव्हतं,
तरी खाली ठेवताना
मी आवाज होऊ दिला नाही.