नववा दिवस

आंबिया बहार फुटला की मी तारखा लिहिते,
कॅलेंडरवर नाही, बागेतल्या पंपघराच्या भिंतीवर, खडूनं.
एक. दहा. एकोणीस.
मधे एखादा दिवस निसटला
तर राणी जाते,
आणि अर्धं घर तिच्या मागं.

काटोल रोडनं स्कूटी दामटायची,
कुहिट्यांच्या बागेत सातशे संत्री, माझ्या अकरा पेट्या
आणि एक वास,
जो रात्री घरच्या कणकेलाही येतो.

झाकण उचलते. गोवरीचा धूर, दोनच फुंका.
चौकट उजेडात धरण्याआधी कान लावते.
पेटी रमली असेल तर आवाज खाली बसलेला,
शेजारच्या घरात कुणी ब्लाउज शिवतंय तसा.
जायचं ठरलं असेल
तर कामाला हात नाही कुणाचा,
दाराशी दाढीसारख्या लोंबतात नुसत्या.

पोळ्याच्या खालच्या काठाला
भुईमुगाच्या शेंगेएवढी राणीकोठी.
एक, दोन, वळणाआड तिसरी.
नखानं मोडते.
आत पांढऱ्या खिरीत पडलेली अळी;
तिला कुठं कुणी विचारलं होतं, राणी व्हायचंय का.
खीर आंबट लागते. हो, चाखलीय.

शेंडेमास्तर म्हणायचे,
"कोठ्या मोडून काई कोनी थांबत नाई, बाई.
जागा द्या.
मानूस अन् माशी, दोघंबी दाटीनंच पयतेत."

म्हणून जुनी काळी पोळी काढते,
मधाचा मजला चढवते,
फारच भरलेलं घर असेल तर
स्वतःच वाटणी करून देते,
भांडण व्हायच्या आधी.

तरी गेल्या माघात
नववा दिवस भंडाऱ्याला, भाचीच्या लग्नात गेला.
अकराव्या दिवशी पोचले तेव्हा साडेबारा झालेले.
सुखदेव धुऱ्यावरून ओरडत होता,
"बाप्पा बाप्पा, ताई, सात नंबर रिकामी होऊन राहिली!"

दारातून माश्या नव्हे, धान्य सांडत होतं,
पोतं फाटल्यासारखं, पण वरच्या दिशेनं.
बागेवर एक तपकिरी गरगर,
उन्हाला भोकं पडल्यासारखी.
सातशे झाडं सोडून
ती उतरली माझ्या स्कूटीच्या हँडलवर.

मग काय. बसले झाडाखाली.
फोन वाजत होता, डिक्कीत.
सुखदेवनं डब्यातलं अर्धं पिठलं दिलं.
तीन वाजेपर्यंत आम्ही दोघं
एका लोंबत्या गोष्टीकडे बघत होतो, बोलत नव्हतो.

उन्हं कलल्यावर हातमोजे काढले.
घर सोडून निघालेली माशी सहसा डसत नाही,
पोटात शिदोरी असते ना.
ओंजळीत घेतलं ते वजन
तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीएवढं ऊन,
आणि बोटांमधून जिवंत सरकणारं.
रिकाम्या पेटीत सोडलं.
राणी दिसली नाही. आत गेली असावी,
कारण बाकीच्या शेपट्या वर करून
मागं राहिलेल्यांना वारा घालून बोलवायला लागल्या.

भिंतीवर बारावा आकडा लिहिला, पुढं: एक.

दुसऱ्या दिवशी काटोल नाक्याच्या सिग्नलला
कुठलीशी एक माशी
हँडलच्या रबरावर येऊन बसली,
उठली, पुन्हा तिथंच बसली.
शेजारच्या पोरानं बुलेट मागं घेतली.
दिवा हिरवा झाला.
मागून हॉर्न.
मी थोडी थांबले.