गुरुवार, दोन ते चार

कोत्काच्या वाचनालयात, जुन्या मासिकांच्या मांडणीमागे
एक टेबल आहे. गुरुवारी दोन ते चार
तिथे मी लोकांची प्रोफाइलं भरून देतो.
माझा स्वतःचा करार डिसेंबरात संपतोय,
हे कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

रायली काउप्पिला आली ती बुटांवरचा बर्फ झटकत.
वय बावन्न. चोवीस वर्षं बंदरावर क्रेन.
आता ती क्रेन कुठल्याशा उबदार खोलीतून चालते,
एक पोरगा एका वेळी तीन सांभाळतो.
"वाईट नाही चालवत," ती म्हणाली,
"फक्त वारा त्याला आकड्यात दिसतो."

आधी फोटो.
एकच निघाला, बहिणीच्या लग्नातला,
खांद्यावर कुणाचा तरी हात.
मी कापत कापत गेलो, तरी चार बोटं उरलीच.
"राहू देत. पहिल्या नवऱ्याची आहेत.
त्या दिवशी तो शुद्धीत होता."

मग कौशल्यं. साइट आपणहून सुचवते:
नेतृत्व. संवाद. संघभावना.
"बत्तीस मीटरवर मी एकटी," रायली हसली,
"संवाद काय तो थर्मासशी."
मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
खालच्या माणसाचा हात कसा हलतो त्यावरून
मला कळायचं, आज याला ताप आहे
की रात्री घरी वाजलंय,
आणि त्या दिवशी मी पेटी जरा सावकाश टेकवायचे.
हे कुठे लिहायचं?

रकाना साठ अक्षरांचा होता.
मी लिहिलं: सुरक्षितता.
लिहिताना माझी मलाच लाज वाटली.

"तुम्ही यांना ओळखत असाल," साइट म्हणाली,
आणि अंतेरो वर आला.
पिवळं हेल्मेट, पुढचा एक दात गायब,
फोटोभोवती हिरवी कड: काम शोधत आहे.
त्याला जाऊन तीन वर्षं झाली.
खाली उभा राहून हात हलवणारा तो हाच.
मी माऊस पुढे सरकवणार, तेवढ्यात तिने
एका बोटाने, दाराची बेल दाबावी तसं,
"संपर्क साधा" दाबलं.
विनंती पाठवली आहे.
कोट चढवून ती निघून गेली.

पुढचे आठवडे नेहमीचे.
सत्तेचाळीस अर्ज. एकोणीस ठिकाणांहून "खेद वाटतो".
बाकीच्यांना तेवढाही वाटला नाही.
एका मंगळवारी सकाळी साइटने तिचं अभिनंदन केलं:
बंदरावरच्या नोकरीला पंचवीस वर्षं पूर्ण!
शेवटची तारीख टाकायला मीच विसरलो होतो.
अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या,
त्यात तिला काढून टाकणारा साहेबही होता.

आणि मग अंतेरोने विनंती स्वीकारली.

पासवर्ड त्याच्या बायकोला ठाऊक होता, हिल्क्काला.
कुत्र्याचं नाव आणि कुत्र्याचंच जन्मसाल.
ती रात्री जेवणानंतर उघडून बसते म्हणे.
एखादी कंपनी अजून लिहिते, "नमस्कार अंतेरो,
तुमचा अनुभव आम्हाला आवडला."
आवडणारच, ती म्हणते.

गेल्या गुरुवारी दोघी मिळून आल्या,
एकाच पिशवीत दोघींचे हातमोजे.
खातं बंद करायचं होतं. साइटने कारण विचारलं.
पर्याय पाच: फार मेल येतात,
उपयोग होत नाही, दुसरं खातं आहे,
चौथा मला आता आठवत नाही.
हिल्क्काने चष्मा पुसला.
"इतर" दाब, म्हणाली,
आणि लिही: कामावर रुजू.

सव्वातीनलाच रस्त्यावर दिवे लागले होते.
रायलीचा फोन टेबलावर थरथरला:
तुमचं प्रोफाइल कुणीतरी पाहिलं.
कुणी, ते कळायला पैसे पडतात.
तिने फोन पालथा घातला
आणि खिडकीतून बंदराच्या झेंड्याकडे बघत राहिली.
"अकरा," ती म्हणाली. "वायव्येकडून.
रात्री वाढेल."