विहिरीच्या नावाने

पाटाच्या तेवीस दारांची किल्ली माझ्याकडे आहे.
बाबांकडून आली. नोल्बेर्तो अल्कायागा, पाटकरी.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या झाडांना पाणी पाजलं
आणि स्वतःच्या नावावर एक मिनिट लिहिलं नाही.

चिलीच्या या उत्तरेकडच्या वाळवंटात
जमीन वेगळी विकतात, पाणी वेगळं.
ऑलिव्हची बाग एकाची,
मुळांखालची ओल दुसऱ्याची,
आणि तो दुसरा सान्तियागोत, सातव्या मजल्यावर.
वहीत दोनशे बारा हिस्से. नव्वद त्याचे.
सुनिल्दाचा पाऊण:
दर बारा दिवसांनी, पहाटे दोन चाळीस ते सव्वातीन,
लोकरीची टोपी, हातात बॅटरी,
धुक्यात दारं धरून उभी.

किनाऱ्याकडच्या विहिरी आधी मचूळ झाल्या, मग खारट.
आम्ही जेवढं उपसलं तेवढा समुद्र आत आला,
जमिनीखालून,
दबक्या पावलांनी, पाहुण्यासारखा नाही,
घर आपलंच असल्यासारखा.
मग समुद्र गोडा करणारा कारखाना आला.

बैठक शाळेत. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं,
गुडघे हनुवटीशी.
कंपनीचा इंजिनिअर घामेजलेला. चांगला मुलगा होता खरं तर.
"गोडं पाणी नळाने तुमच्या दारात.
बदल्यात विहिरी वरच्या खाणीला. थेंबास थेंब."
त्याने बाटल्या वाटल्या.
एलेउतेरिओने एक घोट तोंडात घोळवला:
"या पाण्याला वाटेत कुणी भेटलेलंच नाही."
ओर्फेलिना खडकांवरचं शेवाळ वेचते. तिने विचारलं,
"आणि काढलेलं मीठ?"
"परत समुद्रात."
"म्हणजे माझ्या खडकांवर," म्हणाली आणि खाली बसली.
बोरॉनचं कुणीच बोललं नाही.
ते नंतर कळलं, लिंबाची पानं कडेने करपली तेव्हा.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
जे मीठ काढूनच टाकलं
त्याला कसं जागायचं?

सही करायची म्हणजे हक्कावर पाणी सोडायचं.
पाणी सोडणं माझं रोजचंच काम.
पण माझी दारं पुन्हा बंद होतात.

हात वर करून मत नव्हतं, हिश्शावर मत.
नव्वद फोनवरून आले, एका श्वासात.
तेव्हा सुनिल्दा उठली.
"शाळेमागची विहीर यादीतून काढा.
माझा पाऊण तिच्या नावावर लिहा."

"विहीर हिस्सेदार होऊ शकत नाही," इंजिनिअर म्हणाला.
"नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. वहीत अजून तोच पाणी घेतो.
मेलेल्याला चालतं, तिला का नाही?"
"आणि तुझी झाडं?" मागून कुणीतरी.
"अकरा आहेत. बादलीने घालीन."

बराच वेळ फक्त बाकं करकरली.
मग एलेउतेरिओने दोन दिले, शिव्या देत.
कुणी अर्धा, कुणी पाव.
ओर्फेलिनाकडे हिस्सा नव्हताच,
तिने वही धरली, मी लिहीपर्यंत.
सव्वाअकरा झाले.
बाकीच्यांनी सह्या केल्या. मी त्यांना दोष देत नाही,
घरात पोरं आहेत, आणि नळाला पाणी येतं.

आता दर बारा दिवसांनी, दोन चाळीसला, मी जाते.
कुठलंच दार उघडत नाही.
वहीत लिहिते: पाळी, विहिरीची. वापर, काही नाही.
या महिन्यात नोटीस आली,
हक्क असून न वापरल्याबद्दल दंड,
पाकिटावर विहिरीचं नाव टाईप केलेलं, स्पेलिंग चुकलेलं.
सुनिल्दा हसली, मग विचारलं किती.

गाठी मारलेला दोर आत सोडते.
गेल्या खेपेला सव्विसाव्या गाठीला पाणी लागलं होतं.
आज पंचविसावीच्या जरा खाली.
किंवा माझ्याच हाताला
धुक्याची ओल असेल.