आधी उतरवून घे

सगुण माशेलकराने मशीन आणलं
स्कूटरच्या पायाशी, चादरीत गुंडाळून,
डिचोली बसस्टँडमागच्या माझ्या दुकानात.
"दोन फावट मेलां, दोन फावट जितें जालां," म्हणाला.

पडदा निळा. त्यावर एका फाइलचं नाव,
जी असायला हवी तिथे नव्हती.
मी ती बसवली. मशीन उठलं,
सगुणने हात जोडले, मी चहा सांगितला.
चहा येईपर्यंत दुसरी फाइल नासली.

रॅम काढली, पुसली, तपासली: निर्दोष.
केबल बदलली.
तिसऱ्यांदा त्याच फाइली दुरुस्त करताना
लक्षात आलं,
मी ओल्या भिंतीला रंग देतोय.

खाणी चालू होत्या तेव्हा मी वर्कशॉपात बेअरिंगं ऐकायचो.
लांब पेचकसाचं टोक लोखंडावर,
मूठ कानामागच्या हाडाला.
खाणी बंद पडल्या. कान राहिला.
तोच पेचकस आता डिस्कच्या पाठीवर टेकवला.

टक्.
थोडं थांबून, टक्.
मूठ सगुणच्या कानाला दिली.
तीस वर्षं तो जत्रेच्या नाटकांना प्रॉम्प्टर,
विंगेतल्या स्टुलावर बसून.
डोळे मिटून म्हणाला,
"वाक्य सोदता तो. मेळना ताका."

मग आकडे पाहिले.
बदली जागेवर हलवलेले तुकडे तीनशे बारा,
जेवून आलो तोवर तीनशे चाळीस.
वाचता न येणारे अठ्ठावन्न, रांगेत.
विंडोज बिचारी खोटं बोलत नव्हती,
तिच्या पायाखालची पाटीच भुगा होत होती.

आणि तरी माझं बोट वायवर होतं.
डिस्क तपासून दुरुस्त करू का, ते विचारत होतं,
वाय की एन.
सवयीने दाबणारच होतो.
दुरुस्त करणं म्हणजे लिहिणं,
आणि मरणाऱ्याकडून कुणी लिहून घेत नाही,
त्याचं आधी ऐकून घेतात.
एन.

रात्रभर नवी डिस्क शेजारी, टेबलफॅन दोघींवर.
जिथे अडेल तिथे हट्ट करायचा नाही,
पुढचं सोपं आधी उचलायचं,
मग उरलेल्या खड्ड्यांकडे शेवटाकडून यायचं, उलटं.
दोनदा वीज गेली, बॅटरीने सांभाळलं.
सगुण घरी जाईना. बाकावर पाय दुमडून,
टक् झालं की मान वर करायचा.

पहाटे पाववाल्याच्या पों-पोंबरोबर काम थांबलं.
एकेचाळीस संहितांपैकी चाळीस धड.
एकीत, तिसऱ्या अंकात, दोन पानं नुसते चौकोन.

"तुला पाठ असेल की," मी म्हटलं.
तो चिडलाच.
"पाठ आसतें जाल्यार नट जाल्लों न्हय?
हांव वाचतां. म्हाका कागद जाय."

मग वाळपईला फोन.
सुलभा गावस, त्या नाटकातली धाकटी बहीण,
आता रेशन दुकान चालवते.
मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी साखर मागत होतं,
आणि तिने एका दमात सगळं म्हटलं:
"नाही दादा, मी दार उघडणार नाही."
"असेल. पण तेव्हा तुम्ही कुठे होता?"
"तो हार परत न्या."
मी टाइप करत गेलो.
दादाचं काय, विचारलं.
तें त्याचें, ती म्हणाली. म्हाका म्हजेंच याद.
दादा झालेला बाबलो काकोडकर
सहा वर्षांपूर्वी गेला.

नव्या डिस्कवर नवी विंडोज चढवली.
बिल साडेचार हजार, त्यात दोनशे सोडले.
जुनी डिस्क सगुणने मागून घेतली, रुमालात बांधली.

फाइल अजून माझ्याकडेही आहे.
डावीकडे रिकामं.
उजवीकडे एक बाई
दार न उघडता
उत्तरं देत राहते.