काजळी

कील गावात ढगांचा अकरावा दिवस.
दुर्बीण तिकडे हवाईच्या डोंगरावर,
माझ्याकडे तिचे आकडे, आणि गार चहा.

शेजारच्या बटू दीर्घिकेतले
म्हातारे तारे वेचतेय.
आधी आपल्याच आकाशगंगेतले गाळायचे;
मध्येच उभे असतात,
लग्नाच्या फोटोत घुसलेल्या मावसभावांसारखे.

मग उरतात ते लाल,
काजळी खोकणारे, त्याच काजळीत बुडालेले.
उजेड अडतो. ऊब येते.

"ताऱ्यांना काजळी?" घरमालकीण विनिफ्रेड हसते.
तिचे वडील स्टोकच्या भट्टीवर बशा भाजायचे.
"जिन्यात दिवा नसायचा,
पण बाबा शेजारून गेले
की गालाला कळायचं."

मी तक्त्याकडे वळते.
काल एक अंधूक ठिपका
चूक म्हणून खोडला होता.
तो परत घेते.