तीन पदरी

पुन्ता अरेनासमध्ये वारा पिसाळला की
नगरपालिका चौकाच्या कडेने दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.

लोकरीच्या दुकानात आधी जाऊन आले होते.
एका जाड गुंड्याची किंमत वाचली
आणि गुंडा परत ठेवला,
दुसऱ्याचं झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा.
मफलरला असे पाच लागतात म्हणे.
पाच गुंडे म्हणजे आठवड्याचे बटाटे, गॅस,
आणि वर बसभाडं.

मग दोर धरत धरत जुन्या कपड्यांच्या दुकानात.
ढिगाच्या तळाशी एक स्वेटर,
पुरुषी, अगडबंब, ओल्या मातीच्या रंगाचा.
दोन हजार पेसो म्हणाली, दीड हजारात दिला.

एर्सिरा, माझी शेजारीण, चिलोए बेटावरची.
तिने आतली शिवण उजेडात धरली:
"कापून शिवलेला नाही. उसवेल."
ती स्वेटर तपासते
जशी मी कारखान्यात खेकडे तपासते,
कवच कुठे नरम, बोट कुठे घालायचं.

रात्रभर उसवला. आधी बाह्या, मग पाठ.
धागा कुरळाच निघत राहिला,
वळणातच जन्म गेलेला.
खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळली,
कोमट पाण्यातून काढली,
खाली बटाट्यांची पिशवी टांगून वाळवली.

डाव्या कोपराशी अडलं.
रफू होतं तिथे, दुसऱ्याच लोकरीचं, निळं,
मळाखाली लपलेलं.
कुणीतरी दिव्याशी बसून, डोळे बारीक करून
त्या धिप्पाड माणसाचं कोपर झाकलं होतं.
"काप आणि पुढे चल," एर्सिरा म्हणाली.
मी तो सोडवत बसले.
जेमतेम वीतभर निघाला. खिशात ठेवला.

सुया म्हणजे झाडूचा मोडका दांडा.
भाच्याने, बेल्तसारने, तासल्या,
काचपेपर मारला, मेणबत्ती फासली.

"तीन धागे एकत्र धर.
आपली जाड लोकर म्हणजे
तीन बारीक लोकरी."
वीस टाके घातले. सगळे सुलटे.
उलटे पुढच्या हिवाळ्यात, असं ठरलं.

सुई आत, धागा वरून, ओढ, सोड.
हात माझे मिठाने चिरलेले,
खेकड्याचा पाय एका झटक्यात मोडणारे.
इथे झटका चालत नाही.
पहिल्या चार ओळी इतक्या आवळल्या
की सुई हलेना.
"लोकर कुठे पळत नाही," एर्सिरा हसली,
"तिचा गळा सोड, मग ती तुझा धरेल."

जेवणाच्या सुट्टीत मोजले: तेवीस.
रविवारी सत्तावीस.
हे वरचे कुणी घातले? मी तर वीसच घातले होते.
मफलर खाली घेरदार होत चालला.
एक टाका सुटला तो सहा ओळी उतरून बसला,
मागे शिडी ठेवून.
सेफ्टी पिनने तिथेच धरून ठेवला.

पुन्हा उसवावा का?
एकदा उसवलेलीच लोकर आहे ही.
तिला किती वेळा सांगायचं,
पहिल्यापासून सुरू कर?

जूनमध्ये, ऐन थंडीत, टाके बंद करायला घेतले
आणि लोकर संपली.
निळा धागा खिशातून काढला.
तीन टाक्यांना पुरला.
चौथ्याला बेल्तसारच्या बुटाची नाडी.

पहाटे पाळी सुटली. वारा होताच.
गळ्याभोवती दोन वेढे, तिसरा अर्धा.
एका हातात नगरपालिकेचा दोर,
दुसऱ्यात मफलरचं टोक,
अंगठा नाडीच्या गाठीवर.

मागून ओदिलिया ओरडली,
"केवढ्याला घेतलास?"
मी आकडा सांगितला, तो वाऱ्याने नेला.
तिने पुन्हा विचारलं.
मी नुसतीच चालत राहिले.