शेरा

साठ वर्षांचं विमान पाळणं म्हणजे
दारात म्हातारी गाय असणं:
दूध नाही, पण वैरण वेळेवर.
गेल्या महिन्यात मॅग्नेटो,
त्याआधी डाव्या चाकाचा ब्रेक,
आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं आंघोळ,
कारण मिरजोळ्याच्या सड्यावरही
खारा वारा येऊन अंगावरून हात फिरवतो,
आणि फिरवतो तिथे खातो.

पुष्पक हे नाव कारखान्यानंच दिलेलं.
मनाच्या वेगानं वगैरे जात नाही.
नव्वद घोडे, त्यातले दहाबारा पेन्शनीत.
दोन माणसं, एक पिशवी,
आणि पंख म्हणजे फासळ्यांवर ताणलेलं कापड.
कापड!
हे कळल्यावर सुनंदा तीन दिवस बोलली नव्हती.

यंदा ते कापड बदलायचं ठरलं.
पुस्तक म्हणतं, हातभर लांब सुई,
मेण लावलेला दोरा,
दर अडीच इंचाला टाका,
आणि प्रत्येक टाक्याला एक गाठ, आकृती नऊ.
अकरा रात्री मी त्या आकृतीकडे बघत बसलो.
हातात नुसता गुंता यायचा.

मिरकरवाड्याच्या जेटीवर
दाऊदभाई मजगावकर जाळं सांधत होते.
पान त्यांच्यापुढे धरलं.
चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले,
"ही होय? ही तर आमचीच गाठ.
सायबानं कुठनं उचलली?"

सतरा दिवस दुपारच्या नमाजानंतर रिक्षानं यायचे.
ते पंखाच्या वर, मी खाली उताणा.
"आली?" "आली."
"गेली?" "गेली."
आमच्या दोघांमध्ये दोन कापडं
आणि वीतभर काळोख.

मग डोप. अख्ख्या हँगरला
पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास,
आणि कापड असं आवळत गेलं
की टिचकी मारली तर ढोलकी.
मुंबईचा इन्स्पेक्टर आला, त्यानंही टिचकीच मारली,
कान देऊन ऐकलं.
"कोणी शिवलं?"
सही देवस्थळी इंजिनिअरची होती, ती दाखवली.
दाऊदभाई शेजारी उभे राहून
दातानं दोरा तोडत होते.

पैसे घेईनात. "एकदा वर नेऊन आण, बस."

ऑक्टोबरातली सकाळ.
टाकीखालच्या नळीतून बाटलीत घोटभर पेट्रोल काढलं,
तळाला पाणी नाही ना, उजेडात धरून पाहिलं.
पंखा हातानं फिरवला. दोनदा फुरफुरलं, तिसऱ्यांदा लागलं.
आठशे फुटांवर
भाट्याची खाडी गेली, सुरूचं बन गेलं, पावस गेलं,
आणि दाऊदभाई मान वर करून
खिडकीतून पंखाची खालची बाजू बघतायत,
ओठ हलतायत. आयत नव्हे. टाके मोजत होते.
मी ओरडलो, "समुद्र बघा की!"
"तो रोजचाच हाय!"

पूर्णगडच्या पुढे एकदाच खाली पाहिलं
आणि माझा खांदा गच्च धरला.
पाण्यावर ढगाच्या सावलीसारखं काहीतरी सरकत होतं.
आभाळात एकही ढग नव्हता.
"बांगडा!"
इंजिनाच्या वर गेला तो आवाज.
मोबाइल काढला. रेंज नाही.
चाकं टेकली, पुरती थांबली नाहीत,
तोवर एकाहत्तर वर्षांचा माणूस दार उघडून
कुंपणाच्या त्या कोपऱ्याकडे पळाला
जिथे एक काडी रेंज येते.

दुसऱ्या दिवशी हँगरच्या दाराशी
ओल्या गोणपाटाखाली एक पाटी.

लॉगबुकात तारीख लिहिली. अठ्ठेचाळीस मिनिटं. उड्डाण: स्थानिक.
शेरा या रकान्यात मी एरवी
तेलाची गळती, कंप, असलं लिहितो.
या वेळी शाईनं लिहिलं: शिवण उत्तम.
आणि खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: बांगडे, पाटी १.

आता पुतण्या रोज फोन करतो.
उद्या वर जाताय काय, काका?
मी म्हणतो, बघू,
मॅग्नेटो परत कुरकुरतोय.